तांबडी तेवढीच

आमच्या घरी कॉफी हे एकादशीचे पेय. बेळगावातल्या पुष्कळ मराठी घरांत ते तसेच असणार. रोजचा दिवस चहाचा. उपास असला, जागरण असले, ताप उतरून माणूस उठून बसले किंवा कोणी अगत्याचा पाहुणा आला, की कॉफी. आई दुधात साखर आणि कॉफीची पूड घालून उकळी आणायची, वर जायफळ किसायची, आणि सगळ्या घरात वास सुटला की कॉफी झाली असे आम्ही समजायचो. त्या वासात कॉफीचा वाटा किती आणि जायफळाचा किती, हा प्रश्न साठ वर्षे माझ्या मनात आला नाही. कॉफी आपल्याच राज्यात, एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर पिकते, हे मी शाळेत वर्षानुवर्षे शिकवले. पण शिकवलेले सगळे शिकवणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही.

धाकटी मुलगी चिकमगळूरकडच्या घरात दिली आणि ही उणीव लक्षात आली. 'दिली' म्हणायची आपली रीत; खरे तर तिने आणि जावयांनी बंगळुरात एकाच कचेरीत काम करता करता आपसांत ठरवले आणि दोन्ही घरांना कळवले. घर कन्नड. आम्ही सीमाभागातली माणसे, कन्नड आम्हांला परके नाही. पण विहीणबाईंचे मलनाडी कन्नड आणि माझे बाजारातले कन्नड यांची पहिल्या भेटीत थोडी चकमक झालीच. त्या मला 'बीगरु' म्हणतात, जावई 'मावा' म्हणतात, मुलगी सासूला 'अत्ते' म्हणते. आपल्याकडेही जुन्या बायका सासूला आत्याबाई म्हणत, हे आठवले की दोन घरांतले अंतर बरेच कमी वाटते.

त्यांचा मळा नऊ एकरांचा. कॉफीचा मळा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साहेबाचा बंगला, घोडा आणि मजुरांच्या चाळी येतात. पण आपल्या देशातले बहुतेक कॉफीमळे दहा हेक्टरांच्या आतले, घरच्या माणसांनी सांभाळलेले आहेत. हाही त्यांतलाच. उंच सिल्व्हर ओक, त्यांवर चढवलेले मिरीचे वेल, मधूनमधून फणस, आणि या सगळ्यांच्या सावलीत छातीइतकी उंच राखलेली कॉफीची झाडे. जात अरेबिका, त्यातही 'एस ७९५' नावाची, बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात तयार झालेली. समोर बाबाबुडनगिरीची रांग. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. सात बियांचा विस्तार डोळ्यांपुढे पसरलेला असताना आख्यायिकेवर विश्वास ठेवावासा वाटतो.

२०२० च्या टाळेबंदीत मुलगी आणि जावई गावी गेले ते तिथेच राहिले. जावयांच्या मनाने घेतले की आपल्या मळ्याची कॉफी आपल्या मळ्याच्या नावाने विकायची. कॉफीच्या व्यापारात याला 'स्पेशालिटी' कॉफी म्हणतात. हा शब्द १९७४ साली अर्ना नुट्सन या बाईंनी रूढ केला. त्यांचे म्हणणे सरळ होते: विशिष्ट जमिनीत, विशिष्ट हवेत पिकलेल्या कॉफीला स्वतःची अशी चव असते आणि ती जपली पाहिजे. पुढे त्याचे मोजमाप आले. शंभरपैकी ऐंशी किंवा अधिक गुण मिळवील ती स्पेशालिटी. साडेतीनशे ग्रॅम कच्च्या बिया मोजून घेतात. त्यांत काळे, कुजके, किडके असे मोठे दोष मुळीच चालत नाहीत आणि लहान दोष मोजून पाचांपर्यंत. मग ती भाजून, दळून, पेल्यात गरम पाणी ओतून, चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने फोडून जाणकार ती फुर्र आवाज करीत चाखतात. आमच्याकडे असा आवाज केला तर आजी पाठीत धपाटा घालीत असे.

२०२२ च्या डिसेंबरात मी तोडणीच्या वेळी पंधरा दिवस तिथे होतो. या निबंधाचा विषय ते पंधरा दिवस आहेत.

कॉफीची तोडणी ही आपल्या ज्वारीसारखी एकदम उरकण्याची गोष्ट नाही. मार्च-एप्रिलात वळवाच्या सरी आल्या की झाडे पांढऱ्या फुलांनी भरून जातात, मोगऱ्यासारखा वास सुटतो आणि चार दिवसांत सगळे ओसरते. पण सगळी झाडे, एका झाडाच्या सगळ्या फांद्या, एकाच सरीला फुलतात असे नाही. त्यामुळे आठ-नऊ महिन्यांनी एकाच फांदीवर तांबडी, पिवळी आणि हिरवी फळे शेजारी शेजारी असतात. पुरते पिकलेले फळ दाबले की बी चटकन बाहेर येते आणि भोवतीचा गर चाटून पाहिला तर गोड लागतो. हिरवे फळ तोडले तर कॉफी तुरट होते. आणि भाजताना अशा कच्च्या फळाची बी शेवटपर्यंत फिकीच राहते, कितीही भाजा, रंग चढत नाही. पोत्यात तिला कोणी ओळखत नाही, तव्यावर ती उघडी पडते.

म्हणून जावयांनी दोन एकरांचा तुकडा वेगळा काढला आणि तोडणाऱ्या बायकांना बजावले, या तुकड्यात तांबडी तेवढीच तोडायची. कन्नडमध्ये हे सांगणे फार सोपे आहे. पिकलेले ते 'हण्णु', न पिकलेले ती 'काई'. दोन वेगळे शब्द. आपण फक्त आंब्याच्या बाबतीत एवढा काटेकोरपणा करतो, कैरी आणि आंबा.

तोडणीला आलेल्या टोळीत काही आसामातल्या बायका होत्या, काही गावातल्या आणि पाच-सहा उत्तर कर्नाटकातल्या. त्यांतली एक साठीच्या घरातली बाई बागलकोटकडची. माझे कन्नड ऐकून ती हसली. आपल्याकडचे कन्नड बोलणारा माणूस तिला तिथे बऱ्याच दिवसांनी भेटला होता. तोडताना ती फांदी डाव्या हाताने खाली धरायची, उजव्या हाताने एकेक फळ फिरवून घ्यायची आणि कमरेच्या बुट्टीत टाकायची. शेजारच्या बायका फांदीवरून हात ओढीत पुढे जात होत्या. तांबड्याबरोबर पिवळे येई, पिवळ्याबरोबर एखादे हिरवे. वरची फळे तांबडी दिसली म्हणजे झाले. मी तिला म्हटले, "बाई, तुम्ही फार मागे पडलात." ती हात न थांबवता म्हणाली, "हण्ण अंद्र हण्ण री." पिकलेले म्हणजे पिकलेले, एवढाच त्याचा अर्थ.

संध्याकाळी खळ्यावर काटा लागला. मजुरी किलोवर, किलोला सहा रुपये. त्या भागात तोडणी बहुधा अशीच वजनावर असते. इतर बायकांची पोती साठ-सत्तर किलो भरली. तिचे भरले बत्तीस किलो. एकशे ब्याण्णव रुपये तिच्या हातावर पडले. ज्या बायकांनी आज्ञा निम्मी पाळली त्यांना चारशेच्या आसपास. जिने पुरती पाळली तिला निम्म्याहून कमी. जावई हिशेबाची वही धरून उभे होते. चूक त्यांच्या लक्षात आली असावी, पण त्या घटकेला काय करावे हे सुचले नसावे. मलाही सुचले नाही. तिने पैसे मोजून पदरात बांधले आणि ती गेली. पुढचे तीन दिवस तिने तसेच तोडले आणि वजनही जवळजवळ तसेच भरले. पाचव्या दिवशी ती आली नाही. मेस्त्री म्हणाला, मुलगा येऊन तिला घेऊन गेला, गोव्यात कुठेतरी बांधकामावर.

त्या रात्री जेवणानंतर घरात वाद झाला. मुलगी म्हणाली, "अण्णा, आपण तिला शिक्षा केली. सांगितलेले ऐकण्याची शिक्षा." तिचे म्हणणे, निवडून तोडायचे तर रोजावर मजुरी द्या. विहीणबाईंना ते पटेना. तीस वर्षे त्यांनी तोडणी सांभाळली आहे. "रोज ठरवलात की दहा वाजेपर्यंत पान खाणे, अकरा वाजता मुलाला पाजायला जाणे, आणि संध्याकाळी वीस किलो. काटा आहे म्हणून काम आहे," त्या म्हणाल्या. यातही खोटे काही नव्हते. ज्यांना आयुष्यभर वजनावरच मजुरी मिळाली त्यांनी वजनाचाच विचार करावा, यात त्यांचा दोष काय? पण उद्या रोज बांधून दिला म्हणून परवापासून त्या फांदीकडे निराळ्या नजरेने पाहू लागतील, असा भरवसा तरी कोणी द्यावा?

व्याही बोलायला फार हळू. ते म्हणाले, "आम्हीही वजनावरच होतो." त्यांच्या तरुणपणी कॉफी मंडळाची एकत्र साठ्याची पद्धत होती. १९४२ च्या कायद्याने आलेली ही व्यवस्था. मळेवाल्याने घरापुरती आणि बियाण्यापुरती कॉफी ठेवून बाकी सगळी मंडळाच्या साठ्यात द्यायची. तिथे तिची प्रत ठरे, बाकीच्या मळ्यांच्या कॉफीत ती मिसळे आणि पैसे हप्त्याहप्त्याने येत. "आपली कॉफी आणि शेजाऱ्याची कॉफी एका ढिगात. मग रात्री उठून कोण बघतो, गर नीट सुटला की नाही?" ही पद्धत नव्वदच्या दशकात टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६ साली संपली. मळेवाला मोकळा झाला. पण मोकळ्या बाजाराची दुसरी बाजू त्यांनी पाहिली आहे: २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाचा भाव पौंडाला अर्ध्या डॉलरच्याही खाली गेला, तेव्हा तोडणीचा खर्च निघेना. त्या वर्षी ढीगच बरा होता असे म्हणणारे पुष्कळ भेटले.

व्याह्यांच्या बोलण्यातून माझ्या ध्यानात आले, की त्या बाईचे दुःख आणि मळेवाल्याचे दुःख एकाच जातीचे आहे. वरचा खालच्याला सांगतो, काळजी घे. आणि पैसे देतो वजनाचे. काळजी मोजायचा काटा त्याच्याकडे नसतो. मग काळजी कोणी घ्यायची? ज्याला ती घेतल्याशिवाय राहवत नाही त्याने. आणि तिची किंमत कोणी भरायची? त्यानेच.

जावई हिशेबी आहेत. त्यांनी वहीचे मागचे पान काढले. सहा किलो फळांची एक किलो कच्ची कॉफी होते. भाजताना वजन आणखी घटते. म्हणजे भाजलेल्या एका किलोला सुमारे सात किलो फळे. किलोला सहा रुपयांप्रमाणे तोडणीचे बेचाळीस रुपये. रोज चारशेचा धरला आणि बाईने बत्तीस किलो तोडली तर किलोला साडेबारा, म्हणजे साडेसत्याऐंशी. फरक साडेपंचेचाळीस रुपयांचा. एक किलोत साठ पेले होतात. पेल्यामागे पाऊण रुपया. आम्ही सगळे त्या आकड्याकडे बघत राहिलो. शहरातल्या कॉफीगृहात जो पेला दोनशे-अडीचशे रुपयांना मिळतो, त्याच्या मुळाशी हा पाऊण रुपया आहे. तो नाही दिला तर त्या बाईची निम्मी मजुरी जाते.

पण हा हिशेब इतका सरळ नाही, हेही त्याच रात्री कळले. पाऊण रुपया पेल्यात आहे. मळ्यात तो साडेपंचेचाळीस रुपये आहे, आणि तो भाजणाऱ्याने माल घेण्याच्या कितीतरी आधी, डिसेंबरात, रोख द्यावा लागतो. मध्येच अवेळी पाऊस झाला तर फळे फुटतात, खोडकिडा लागला तर झाडच उपटावे लागते, आणि चाखणाऱ्याने एकोणऐंशी गुण दिले तर सगळा माल साध्या भावाने जातो. लहान मळेवाला कंजूष असतो असे नाही. त्याच्या पायाखालची जमीन अरुंद असते.

अशा वेळी आपल्या संस्कारांत एक फार सोयीची वाट आहे. मी त्या वाटेने जाऊ पाहिले. मी म्हणालो, "ती बाई खरी कर्मयोगी. फळाची आशा न धरता काम करणारी." फळ या शब्दावर मुलगी हसली, मग एकदम म्हणाली, "अण्णा, फळाची आशा सोडायची असेल तर ती तिने सोडावी ना? तिच्या वाटची आपण कशी सोडायची?"

मला उत्तर देता आले नाही, आणि आजही येत नाही. गीतेचे ते सांगणे माणसाने स्वतःला करायचे असते. दुसऱ्याला, तेही ज्याची मजुरी आपल्या हातात आहे अशाला, ते ऐकवले की त्याच शब्दांचा अर्थ बदलतो. आपण ज्याला भलेपणा म्हणून नमस्कार करतो तो पुष्कळदा आपल्याच खर्चातली बचत असते.

यावर विचार करताना रस्किनचे पुस्तक आठवले. १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना गांधीजींनी ते आगगाडीत वाचले आणि रात्रभर त्यांना झोप आली नाही. पुढे १९०८ साली त्यांनी त्याचा सारांश गुजरातीत केला आणि त्याला नाव दिले 'सर्वोदय'. मूळ पुस्तकाचे नाव बायबलमधल्या एका दाखल्यावरून घेतलेले आहे. द्राक्षमळ्याचा मालक सकाळपासून राबलेल्यालाही आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही सारखाच रोज देतो. योगायोग असा, की तीही मळ्याचीच गोष्ट. रस्किनचे म्हणणे असे, की कामाचा दर ठरलेला असावा, आणि निवड कामगाराच्या चांगलेपणावरून व्हावी. वाईट काम करणाऱ्याला निम्म्या पैशांत काम करू देऊ लागलो, की चांगले काम करणाऱ्यालाही त्याच भावात उतरावे लागते. लहानपणी वाचले तेव्हा हा मला भाबडेपणा वाटला होता. खळ्यावरच्या काट्याजवळ उभे राहिल्यावर तो बाजाराचा अनुभव वाटला. इथे तर चांगल्या कामाचाच निम्मा दर पडला होता.

हे सगळे मी मळ्यावरच्या त्रयस्थाच्या भूमिकेतून लिहीत आलो. पण त्या पंधरा दिवसांत मला झोप लागली नाही ती दुसऱ्याच कारणाने. ते इथे सांगितले नाही तर या लेखाला अर्थ नाही.

१९९४ सालची गोष्ट. घराचे काम निघाले होते, स्लॅब पडायचा होता. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे पैसे तेव्हा उत्तरपत्रिकेमागे मिळत. किती लक्ष देऊन वाचली याचे नव्हे, किती वाचल्या याचे. मी जास्तीचे गठ्ठे मागून घेतले. माझ्या टेबलाशेजारी एक वयस्क शिक्षक बसत. ते प्रत्येक उत्तर वाचायचे, पुरवणी उलटून पाहायचे, आणि दिवसाअखेर त्यांच्या उत्तरपत्रिका माझ्या निम्म्या व्हायच्या. आम्ही त्यांना हसत असू. त्याच गठ्ठ्यांत एका मुलीची पुरवणी माझ्याकडून न वाचता राहिली. तिने फेरतपासणी मागितली, अकरा गुण वाढले. पण ते वाढून येईपर्यंत अध्यापक विद्यालयाच्या प्रवेशाची मुदत संपली होती. मुलगी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली होती, हे मला तिच्या मुख्याध्यापकांकडून पुढे कळले. त्यांना तो परीक्षक कोण हे माहीत नव्हते; ते मलाच सांगत होते आणि मी मान हलवीत होतो. मला एक कागद आला, थोडी रक्कम कापली गेली, आणि प्रकरण मिटले. स्लॅब वेळेवर पडला.

इतकी वर्षे मी स्वतःची समजूत घालीत आलो, की दर उत्तरपत्रिकेमागे होता, दोष पद्धतीचा. आता मुलीच्या सासरी पद्धतीचा दोष डोळ्यांनी पाहिला, तो खराही आहे. पण त्याच पद्धतीत बत्तीस किलो तोडणारी बाईही पाहिली, आणि माझ्या टेबलाशेजारचे ते शिक्षक आठवले. पद्धत वाईट होती हे खरे. तिने मला ढकलले हेही खरे. मात्र ती त्यांनाही ढकलत होती.

मग न्याय काय? मला दोन्ही गोष्टी एकदम धराव्या लागतात. मी स्वतःपुरते म्हणायला हवे होते, की दर काही असो, पुरवणी वाचायचीच. पण दर ठरवणाऱ्याला असे म्हणता येणार नाही, की चांगले शिक्षक वाचतीलच. आपला हिशेब कोणाच्या भलेपणावर बसवू नये. भली माणसे तो निभावून नेतात, म्हणून तो चुकलेला आहे हे आपल्याला दिसतच नाही. आणि त्यांच्यातली एखादी पाचव्या दिवशी निघून जाते तेव्हा आपण म्हणतो, हल्ली माणसे टिकत नाहीत.

पुढच्या वर्षी, २०२३ च्या तोडणीला, त्या दोन एकरांपुरता रोज ठरला. विहीणबाईंनी मान्यता दिली ती एका अटीवर: काटा ठेवायचा नाही, पण प्रत्येक बुट्टी ताडपत्रीवर ओतून त्या स्वतः बघणार. पहिल्या आठवड्यात त्यांचे म्हणणे खरे ठरले. दोघी-तिघींनी वेळ काढला. दुपारची सावली जरा लांबली. मग हळूहळू एक वेगळी गोष्ट झाली. ताडपत्रीवर बुट्ट्या शेजारी शेजारी ओतल्या जात, आणि कोणाची किती तांबडी हे सगळ्यांना दिसे. आसामातली एक मुलगी आपल्या ढिगातले हिरवे फळ कोणी बघायच्या आत उचलून फेकू लागली. वजन कमीच राहिले. पण निवडण्यात पूर्वी जे दोन दिवस जात ते वाचले. फायदा झाला की तोटा, हे जावयांना अजून नक्की सांगता येत नाही. ते म्हणतात, बरोबरी झाली.

त्या मालाला चौऱ्याऐंशी गुण मिळाले. घरात आनंद झाला, बेळगावहून मी कुंदा नेला. चाखणाऱ्याने लिहिले होते: संत्रे, गूळ, शेवटी कोकोची छटा. मी तीन वेळा घोट घेतला. मला गूळ तेवढा सापडला. विहीणबाईंनी एक घोट घेऊन पेला खाली ठेवला आणि चिकोरी घातलेली आपली नेहमीची कॉफी करून आणली. शंभरपैकी चौऱ्याऐंशी हा आकडा मला मात्र परीक्षकाच्या नजरेने टोचत राहिला. यातले गुण कोणाचे? जमिनीचे किती, सावलीचे किती, बाळेहोन्नूरच्या संशोधकांचे किती, हिरवे फळ फेकणाऱ्या त्या मुलीचे किती? गंमत अशी, की गुण देणाऱ्या त्या जागतिक संस्थेनेही आता आपली पद्धत बदलली आहे. चवीचे वर्णन एकीकडे आणि ती आवडली की नाही हे दुसरीकडे, अशी नवी मांडणी २०२४ मध्ये तिने स्वीकारली. माल कुठला, कोणी पिकवला, कसा पिकवला, हेही आता वेगळे नोंदवतात. परीक्षकाला एका आकड्याचा संशय येऊ लागला, हे मला चांगले लक्षण वाटते.

२०२५ च्या फेब्रुवारीत अरेबिकाचा भाव पौंडाला चार डॉलरच्या वर गेला. साधी कॉफीच सोन्याच्या मोलाने जाऊ लागल्यावर निवडून तोडण्याचा खटाटोप कशाला, असे शेजारपाजारचे म्हणू लागले, आणि जावईही दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी रोजाची टोळी पक्की केली. कारण विचारले तर म्हणाले, "मावा, भाव खाली येईल तेव्हा या बायकांना पुन्हा पहिल्यापासून शिकवायचे का?" याहून मोठे तत्त्व त्यांनी सांगितले नाही आणि मीही मागितले नाही.

राहिली ती बागलकोटची बाई. रोजाची पद्धत तिच्यामुळे आली आणि तिला तिचा एक पैसा मिळाला नाही. मुलीने ठरवले, की तिच्या चार दिवसांचा फरक द्यायचा. रोजाचे चारशे, मिळाले एकशे ब्याण्णव. दिवसाला दोनशे आठ, चार दिवसांचे आठशे बत्तीस. मुलीने पाकिटात एक हजार घातले. विहीणबाईंनी पाकीट उघडले, एकशे अडुसष्ट रुपये काढून तिच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "जेवढे देणे तेवढेच द्यावे. वर घातलेस तर ते दान होईल, आणि तिला ते नमस्कार करून घ्यावे लागेल." रोजाला विरोध करणाऱ्या बाईंनी हे सांगितले, आणि त्या घरात मी ऐकलेले सर्वांत शहाणे वाक्य तेच.

पाकीट मेस्त्रीकडून मेस्त्रीकडे असे फिरत वर्षाने तिला पोचले. निरोपही आला. तिने पैसे मोजून घेतले आणि विचारले, आता तिथे रोज आहे का? आहे म्हटल्यावर म्हणाली, बघू, गुडघे बरे राहिले तर.

माझे देणे इतके सोपे नाही. अकरा गुण तिला मिळाले; गेले ते वर्ष, आणि त्याचे दोनशे आठ गुणिले चार असे काही करता येत नाही. ती मुलगी आता पन्नाशीच्या जवळ असेल. त्या मुख्याध्यापकांच्या मुलाकडून मी तिच्या गावाचे नाव विचारून घेतले आहे. भाऊबीज झाली की जायचे आहे. काय बोलायचे ते ठरलेले नाही. एवढे मात्र ठरवले आहे, की पद्धतीविषयी काही बोलायचे नाही.